सिगारेट सुटते कशी? (लेखांक 6) : गेटच्या आत, गेटच्या बाहेर

सिगारेटच्या झुरक्यातले निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे डोपामिन स्रवते आणि क्षणभर तरतरी येते. पुढच्या दोनेक तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते, माणूस अस्वस्थ होऊ लागतो आणि पुढची सिगारेट शिलगावली की बरे वाटते. ओढणारा म्हणतो, सिगारेटने डोके शांत होते. प्रत्यक्षात मागच्या सिगारेटने लावलेली अस्वस्थता पुढची सिगारेट तेवढ्यापुरती मिटवते.

पण नुसत्या निकोटीनने व्यसनाचा सगळा उलगडा होत नाही. चाकणजवळच्या निघोजे-म्हाळुंगे भागात पाळी सुटतानाची वेळ पाहावी. मोठ्या कारखान्यात काडेपेटी-लायटर आत नेता येत नाही. पेंट शॉपमध्ये तर ठिणगीचीही भीती. दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा कामगारही आत पूर्ण पाळी काढतो. मग पंचिंग होते आणि गेटपासून टपरीपर्यंतच्या पन्नास पावलांत तलफ उसळून येते. टपरीच्या खांबाला दोरीने लायटर बांधलेला असतो. कटिंग हातात येईपर्यंत सिगारेट पेटलेली असते.

2010 साली इस्रायलमध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसले. लांबच्या उड्डाणात मध्यावर तलफ बेताची होती. जवळच्या उड्डाणात मात्र तेवढ्याच तासांनी, विमान उतरायला आले की ती वाढलेली असे. रक्तातले निकोटीन दोन्हीकडे सारखेच उतरलेले असताना फरक पडला तो ‘आता ओढता येईल’ या जाणिवेने. म्हणजे सिगारेट सोडताना शरीर सावरावे लागते आणि जागा, वेळ, सोबत यांची गाठही सोडवावी लागते. नुसत्या निर्धारावर विसंबणाऱ्यांपैकी जेमतेम 3 ते 5 टक्के लोकच वर्षभर टिकतात. त्यांच्या मनोबलाला दोष देणे अन्यायाचे आहे. बहुतेकांच्या हाती साधनच दिलेले नसते.

सोडण्याचा दिवस ठरवून त्या दिवसापासून एकदम बंद करणे, ही रीत कमी-कमी करत जाण्यापेक्षा सरस ठरली आहे. इंग्लंडमध्ये 697 जणांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के, तर हळूहळू सोडणाऱ्यांपैकी 39 टक्के लोक चार आठवडे टिकले. ‘दिवसाला दोनच’ म्हणणारा त्या दोन सिगारेटी खोल झुरके घेऊन ओढतो आणि निकोटीनची भरपाई करून घेतो. पाळी आठवड्याला बदलत असेल, तर हा दिवस रात्रपाळीच्या आठवड्यात न धरणे शहाणपणाचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो. चिडचिड, झोप उडणे, बद्धकोष्ठता, कामात लक्ष न लागणे हे सगळे दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ दुसऱ्या गेटने बाहेर पडून, बस लागताच आत जाऊन बसून किंवा चहा कॅन्टीनमध्येच पिऊन काढता येतो.

चहाबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन जास्त वेगाने निकामी करते. धूर थांबला की तोच चार कपांचा चहा अंगात जास्त वेळ राहतो. छातीत धडधडते, झोप लागत नाही आणि माणूस समजतो, सिगारेट सोडल्यामुळे आपले बिघडले. चहा निम्मा केला की हा त्रास बराच कमी होतो.

औषधांमध्ये सहज मिळणारे म्हणजे निकोटीनचे च्युइंगगम. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचे, नाहीतर 2 मिलिग्रॅमचे; 4 मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना विचारावे. ते साध्या गमसारखे सतत चघळले की निकोटीन पोटात जाते, मळमळते, उचकी लागते आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून पाकीट फेकले जाते. थोडे चावावे, जीभ चुरचुरली की तंबाखूचा बार धरतात तसे गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यावे, चुरचुर थांबली की पुन्हा चावावे. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी टाळावी, नाहीतर तोंडातून निकोटीन नीट शोषले जात नाही. हा क्रम साधारण 12 आठवड्यांचा असतो. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्यांनीही यशाची शक्यता वाढते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात.

बोलायला माणूस हवा असेल तर 1800-11-2356 ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन 2016 पासून आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. समुपदेशक तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. हा क्रमांक 1 सप्टेंबर 2018 पासून प्रत्येक पाकिटावर छापला जातो. पण टपरीवर एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. ना इशाऱ्याचे चित्र, ना क्रमांक. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती योग्यच होती, पण तिची अंमलबजावणीही तितक्याच निष्ठेने व्हायला हवी.

चाकणच्या या पट्ट्यातला सर्वांत मोठा धोका सिगारेटकडून तंबाखूकडे वळण्याचा. तंबाखूला धूर नाही, लायटर लागत नाही, मशीनवर उभ्या-उभ्याही बार लावता येतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले. सिगारेटऐवजी तंबाखू धरणाऱ्याचे निकोटीन चालूच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते.

बहुतेकांची सिगारेट पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. लग्नात किंवा पगाराच्या दिवशी मित्राने पुढे केलेली एखादी ओढली गेली, तरी झालेली मेहनत वाया जात नाही. पाकीट पुन्हा विकत न घेता दुसऱ्या दिवशी तोच क्रम पुढे चालू ठेवायचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यातल्या 104 कामगारांपैकी तंबाखूचे व्यसन असलेल्यांबरोबर वर्षभर काम झाले, तेव्हा समुपदेशक ठरावीक काळाने पुन्हा-पुन्हा त्याच कामगारांना भेटत राहिले. प्रत्येक फेरीगणिक सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले आणि वर्षअखेर ते 40 टक्क्यांवर पोहोचले.