कवळीचे माप आणि न वाकणारी द्रव्ये

कवळीसाठी जबड्याचे माप घ्यायची द्रव्ये दोन जातींची असतात. आल्जिनेट, सिलिकोन ही बसल्यावरही लवचीक राहतात. दुसरी जात कडक होते आणि मग वाकत नाही. दाताच्या मानेखाली खाच असते. कडक ठसा तिथे अडकतो आणि जोर लावला तर मोडतो. त्यामुळे दात शाबूत असलेल्या तोंडात या जातीचे काम नाही. बोळक्या तोंडात मात्र सहसा अशी खाच उरत नाही आणि न वाकणे हाच गुण ठरतो.

यातले एक जुने द्रव्य म्हणजे प्लास्टर. ते पातळ असल्याने हिरडीवर दाब येत नाही. पोटॅशियम सल्फेट घातल्याने त्याचे फुगणे नगण्य होते. पण ते लाळ शोषते, तोंड कोरडे करते आणि काढताना तुटते. तुकडे जुळवत बसायला आता कोणाला सवड नाही.

इम्प्रेशन कंपाउंड अजून टिकून आहे. ही राळ, मेण, स्टिअरिक आम्ल आणि शंखजिरे यांची लालसर वडी. जुन्या सूत्रांत चपडा लाखही असे. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात पळस आणि कुसुमाच्या झाडांवर पिकते तीच ही लाख. कवळीच्या पुढच्या टप्प्यात जबड्यांचा मेळ नोंदवायची बेसप्लेटही अनेकदा चपड्याची असते. वडी साधारण 55 ते 60 अंशांच्या पाण्यात मऊ होते. तिच्यातून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे बाहेरून मऊ वाटली तरी गाभा कडक असू शकतो. पाण्यात फार वेळ ठेवली तर घटक विरघळून जातात. थंडावल्यावर ती ताण धरून राहते आणि तो सुटला की आकार बदलतो, म्हणून तासाभरात साचा ओतायचा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. मानक चाचणीत हे द्रव्य तोंडाच्या तापमानाला, म्हणजे 37 अंशांना, 6 टक्क्यांहून जास्त दबलेले चालत नाही. 45 अंशांना ते किमान 85 टक्के दबावे लागते. म्हणून अशा उन्हात दूरच्या भामरागड-सिरोंचाकडून नुसता ठसा बसने लॅबला धाडणे म्हणजे माप हातचे घालवणे.

या पहिल्या ठशावरून खास ट्रे बनवतात. ट्रेच्या कडेला ग्रीन स्टिक, म्हणजे कंपाउंडची हिरवी कांडी, दिव्यावर वितळवून लावतात, कोमट पाण्यात बुडवतात आणि तोंडात बसवतात. मग ओठ पुढे काढायला, गाल ओढायला, जीभ फिरवायला सांगतात. कवळीची कड कुठे संपावी हे या हालचाली ठरवतात. कवळीची पकड बरीचशी इथेच घडते, म्हणून घाई करू नये ती याच टप्प्यात.

शेवटचा थर झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा. एका नळीत झिंक ऑक्साइड, दुसरीत लवंग तेलातले युजेनॉल आणि राळ. सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या पिळून, रंग एकजीव होईपर्यंत घोटायच्या. आकुंचन 0.1 टक्क्याहून कमी, बारीक सुरकुतीही उमटते. उष्णता आणि ओल दोन्हींमुळे लेप लवकर बसतो, त्यामुळे उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या डॉक्टरांना घाईचे. काचेची पाटी थंड केली तर वेळ मिळतो, पण तिच्यावर दव धरले तर उलट घाई होते. ओठांना आधी व्हॅसलीन लावलेच पाहिजे, नाहीतर लेप चिकटतो. युजेनॉलने तोंडात जळजळ होते.

या जळजळीचा संबंध इथल्या खर्ऱ्याशी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाशीही येतो. सुपारीमुळे होणाऱ्या तोंडाच्या तंतुमयतेत, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसमध्ये, गालाचे अस्तर ताठर होते, तिखट सोसवत नाही आणि तोंड उघडत नाही. गडचिरोलीत शोधग्राममधील ‘सर्च’ संस्थेने तंबाखू-खर्ऱ्याविरुद्ध काम उभे केले आहे ते उगाच नाही. अशा रुग्णाच्या तोंडात पूर्ण ट्रे जात नाही, कडक ठसा काढायला तर आणखी जागा लागते. म्हणून ट्रे दोन भागांत करतात, भाग एकेक करून आत घालून वेगवेगळे माप घेतात आणि बाहेर जोडतात. लेप युजेनॉलविरहित घेतात.