मालक बदलण्याचे स्वातंत्र्य

दसरा उलटला की कळंब, वाशी, भूम आणि परंडा या तालुक्यांतील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. याच धाराशिव जिल्ह्यातून दुसरेही एक स्थलांतर चालू असते. त्याला गर्दी नसते, म्हणून त्याची दखलही फारशी घेतली जात नाही. तुळजापूरला किंवा पुण्याला अभियांत्रिकीची पदवी घेतलेले तरुण, परिचारिकेचे शिक्षण पुरे केलेल्या मुली एकेकट्याने मुंबईचा किंवा हैदराबादचा विमानतळ गाठतात. एकाच्या हाती कोयता असतो, दुसऱ्याच्या हाती व्हिसा. या दोघांच्या मिळकतीची आणि राहणीची तुलना करणे अर्थातच हास्यास्पद होईल. परंतु एक प्रश्न दोघांनाही सारखाच लागू पडतो. ज्याच्याकडे काम पत्करले तो मालक वाईट निघाला, तर त्याला सोडून दुसऱ्याकडे जाता येते काय?

उचलीचा व्यवहार या जिल्ह्यातील वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही; तथापि त्यातील एक भाग नीट पाहण्यासारखा आहे. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, ठरावीक रक्कम आगाऊ देतो. पुढे तोडलेल्या उसाच्या टनामागे मजुरी लागते आणि ती उचलीतून वळती होत जाते. आजारपणाने काम बुडाले तर खाडा धरला जातो. पाऊस कमी झाला, ऊस अपुरा पडून कारखाना लवकर बंद झाला, तर हंगामाअखेर उचल फिटत नाही. बाकी अंगावर राहते, ती पुढच्या वर्षाच्या उचलीला जोडली जाते आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या टोळीत जाणे भाग पडते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली. ती आवश्यकच होती. परंतु शेजारच्या फडावरचा मुकादम वागायला बरा आहे, तिथे बायकांची आबाळ कमी होते, म्हणून एखाद्या जोडीने मध्येच तिकडे जायचे म्हटले, तर दरवाढीने ते साधत नाही. आधी बाकी चुकती करावी लागते. आणि बाकी चुकती करण्याइतका पैसा गाठीला असता, तर ती जोडी ऊस तोडायला गेलीच नसती.

मुकादमाचीही एक बाजू आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. उचलीची रक्कम तोही बहुधा दुसऱ्याकडूनच आणतो, आणि टोळी उचल घेऊन पळाली तर बुडतो तो तोच. परंतु पैसा वसूल करण्याचा त्याचा हक्क आणि माणसाला अडकवून ठेवण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक ओळखायला या देशातील कायद्याला बराच काळ लागला. १८५९ चा तेरावा कायदा आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला व मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करीत असे. काम पुरे कर किंवा पैसे परत कर, नाही तर तुरुंगात जा, असा त्याचा खाक्या होता. तो रद्द करण्याचा कायदा १९२५ मध्ये झाला. पुढे वेठबिगारीच्या निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आला. वेठबिगार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे साखळदंड येतात. परंतु त्या कायद्याच्या व्याख्येत साखळदंड कोठेच नाही. आगाऊ घेतलेल्या रकमेपोटी ठरावीक किंवा अनिश्चित काळापर्यंत रोजगाराचे स्वातंत्र्य गमवावे लागणे, ही गोष्ट त्या व्याख्येत स्वतंत्रपणे नमूद आहे. मजुरी किती मिळते एवढाच प्रश्न नसून दुसरीकडे जाता येते की नाही हाही प्रश्न आहे, हे कायद्याने मान्य केले आहे.

परदेशातील नोकरीत उचल नसते. तिथे तिची जागा परवाना घेतो. अमेरिकेचा एच-१बी असो की इंग्लंडचा कुशल कामगार व्हिसा, त्यांची घडण एकसारखी आहे. एखादी कंपनी सरकारकडे अर्ज करते, अमुक माणूस मला हवा आहे असे सांगते, आणि त्या अर्जाच्या आधारावर माणसाला देशात प्रवेश मिळतो. नोकरी गेली की केवळ पगार थांबत नाही. त्या देशात राहण्याचा आधारच निखळतो. भाड्याचे घर, मुलांची शाळा, पत्नीचे वास्तव्य हे सारे एका कंपनीच्या पत्रावर उभे असते.

अमेरिकेत हा पेच हळूहळू थोडा सैल झाला, त्याची हकिकत उद्बोधक आहे. १९९० च्या कायद्याने एच-१बी हा प्रकार अस्तित्वात आणला. आरंभी कंपनी बदलायची तर नव्या कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत जुन्या कंपनीतच राहावे लागे; जुन्या मालकाला सुगावा लागला तर मधल्या मधे लटकण्याची पाळी येई. ऑक्टोबर २००० मधील कायद्याने ही अट काढली. नव्या कंपनीचा अर्ज रीतसर दाखल झाला की, मंजुरीची वाट न पाहता, नव्या जागी रुजू होण्याची मुभा मिळाली. नोकरी गेलेल्या माणसाला मात्र एका दिवसाचीही सवलत नव्हती. ती जानेवारी २०१७ पासून मिळाली: जास्तीत जास्त साठ दिवस. २०२२ व २०२३ मध्ये मोठमोठ्या संगणक कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली, तेव्हा या साठ दिवसांचा अर्थ अनेक मराठी घरांना प्रथमच कळला. दोन महिन्यांत नवी कंपनी शोधायची, मुलाखती द्यायच्या, तिच्याकडून अर्ज दाखल करवून घ्यायचा. नाही तर सामान आवरायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक वर्षाच्या मुदतीने, परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठीच्या अर्जावर एक लाख डॉलरची आकारणी घोषित केली. तेथेच राहून कंपनी बदलणाऱ्यांना ती लागू नाही, असा खुलासा पुढच्या महिन्यात झाला. परंतु साठ दिवस संपल्यामुळे जो घरी परतला, त्याला पुन्हा बोलावू पाहणाऱ्या कंपनीपुढे हा आकडा उभा राहिला.

याहून घट्ट गाठ आहे ती कायम वास्तव्याच्या परवान्याची. नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या अशा परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. लोकसंख्येने प्रचंड असलेल्या भारताला आणि एखाद्या लहानशा देशाला माप एकच! भारतीय अर्जदारांची रांग त्यामुळे वर्षांची राहिली नसून दशकांची झाली आहे. रांगेतील जागा मंजूर अर्जावरून ठरते. कंपनी बदलली तरी ती जागा साधारणतः जात नाही. परंतु नव्या कंपनीला सारी कागदपत्रे पुन्हा प्रथमपासून करावी लागतात, आणि ती करायला ती बांधलेली नसते. मूल एकवीस वर्षांचे झाले की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते, ही धास्ती निराळीच. परिणामी कायद्याने दिलेली मुभा पुष्कळ जण वापरतच नाहीत. पगारवाढ नाकारली गेली, काम अंगावर ढकलले गेले, तरी माणूस गप्प बसतो. गावाकडे दिवाळीला आलेल्या त्याच्या अंगावरील कपड्यांवरून हे कुणाला दिसत नाही.

इंग्लंडमधील अनुभव अधिक ताजा आणि अधिक कडू आहे. तेथे मालक बदलायचा तर नव्या संस्थेचे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र मिळवून नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होण्याआधी नव्या जागी काम सुरू करता येत नाही. अमेरिकेने २००० मध्ये जी अट काढली, ती इथे कायम आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या सेवकांसाठी हा मार्ग खुला झाला. भारतातूनही पुष्कळ माणसे गेली. काहींनी त्यासाठी दलालांना लाखो रुपये मोजले. पुढे अनेक संस्थांचे परवाने सरकारने रद्द केले. दोष संस्थेचा, पण साठ दिवसांची नोटीस आली ती सेवकाला! जुलै २०२५ मध्ये परदेशातून अशा सेवकांची नवी भरतीच बंद करण्यात आली. दलालाला दिलेल्या पैशासाठी ज्यांनी घरची जमीन गहाण टाकली होती, त्यांची स्थिती उचल अंगावर राहिलेल्या कोयत्याहून फार निराळी म्हणता येणार नाही.

आखातात तर हे बंधन उघडच होते. रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातील कित्येक पिढ्यांना ‘कफील’ हा शब्द परिचित आहे. कफीलाच्या लेखी संमतीवाचून दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. कतारने २०२० मध्ये ही संमतीची अट कायद्याने काढली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून वर्षभराच्या नोकरीनंतर काही अटींवर बदलाची वाट मोकळी केली, मात्र घरकाम करणाऱ्यांना त्यातून वगळले. ज्यांना त्या हक्काची सर्वांत अधिक गरज, तेच बाहेर राहिले.

या साऱ्यावर मालकांचे एक ठरलेले उत्तर असते. माणूस आणण्याचा खर्च आम्ही करायचा, त्याला काम शिकवायचे, आणि त्याने चार महिन्यांत शेजारच्या कंपनीत जायचे हा कुठला न्याय? हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तर नोटिशीच्या मुदतीत आणि वाजवी खर्चाच्या वसुलीत शोधता येते. माणसाच्या वास्तव्याची दोरी मालकाच्या हाती देण्याची त्यासाठी गरज नाही. अमेरिकेत २००० नंतर कंपनी बदलणे सोपे झाले म्हणून कंपन्यांनी परदेशी माणसे मागवणे थांबवले काय? वर्षाला ८५ हजारांची मर्यादा असताना त्याहून कितीतरी अधिक अर्ज पुढेही येत राहिले. ज्याला सोडून जाता येते, त्याच्याशी मालक बरा वागतो, हा तर बाजाराचाच नियम आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. दहा हजार तरुणांचा आकडा त्या वेळी सांगण्यात आला आणि भाषेच्या प्रशिक्षणाची योजनाही आखण्यात आली. जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षकांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना या विषयात रस वाटला तर नवल नाही. जर्मनीत ‘ब्ल्यू कार्ड’ मिळालेल्या उच्चशिक्षिताला पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलताना तेथील कार्यालयाला कळवावे लागते आणि ते कार्यालय हरकत घेऊ शकते. वर्षानंतर विचारावे लागत नाही. परंतु वीजतंत्री, परिचारिका किंवा वाहनचालक यांचे परवाने निराळ्या कलमांखाली निघतात. एखाद्या मार्गदर्शन मेळाव्यात पगार किती, थंडी किती, राहायचे कुठे हे प्रश्न विचारले जातातच. त्यांच्या जोडीला आणखी तीन विचारले पाहिजेत: परवान्यावर मालकाचे नाव आहे काय, नोकरी गेल्यास किती दिवस मिळतात, आणि भाषेच्या वर्गाचा व प्रवासाचा खर्च मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास कोणाच्या अंगावर पडतो. शासन स्वतः करारातील एक पक्ष असताना, त्याच व्यवसायात दुसरा मालक पाहण्याची मुभा असावी हे कलम त्याने मागणे काही अवघड नव्हे. खासगी दलालाकडून ते अपेक्षितच नाही.

आणि मुंबईत बसून परदेशी सरकाराशी हे बोलता येत असेल, तर कळंब-वाशीच्या मुकादमाशीही बोलता आले पाहिजे. उचल बँकेच्या खात्यातून द्यावी, कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेऊ नये, करारनाम्याची एक प्रत मजुराच्या हाती राहावी आणि किती फिटले याची नोंद तिच्यावर दर पंधरवड्याला व्हावी. बाकी राहिलीच तर ती हप्त्याने, कोणत्याही टोळीत काम करून, फेडता यावी. दसऱ्याला ट्रॉलीत चढणाऱ्या जोडीच्या हाती आज बहुधा असा एकही कागद नसतो. हिशेबाची वही मुकादमाच्या खिशात असते.