बॅटरी खाणारा चोर

डिसेंबरात महिनाभर पुण्याला जाऊन आलं, की शिकागोच्या थंडीत गाडी सुरूच होत नाही. 'बॅटरी बदला,' गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर. नवी बसवूनही पुढच्या वर्षी तेच झालं, तेव्हा बॅटरी चार्ज करून मी मल्टिमीटर घेऊन बसलो.

रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. मग चोर कुठे? निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर लावला, गाडी लॉक केली आणि तासभर थांबलो; आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेतला तर चालतं. इथे १८०! एकेक फ्यूज काढत गेलो. डॅशकॅमचा काढताच आकडा ३० वर. आमच्या डिबगिंगसारखंच की हे!

१८० मिलिअँपिअरने ६० अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत रिकामी होते. पण ५० नेही महिन्यात ३६ अँपिअर-तास जातात, वर थंडी. म्हणून मंडळी, भारतात निघण्याआधी निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि दार किल्लीने लावा. रिमोट तेव्हा चालणार नाही.