पावसात शोधा, उन्हात बुजवा

आपल्या मिरजेत कोकणासारखी चार महिने संततधार नसते. तरीही एकही गळके घर नाही असा मोहल्ला शोधून सापडणार नाही. इथला पाऊस बेताचा, पण तो तीन तऱ्हांनी येतो. एप्रिल-मेमध्ये वारा आणि गारा घेऊन येणारा वळीव, जूनपासून पश्चिमेचा मोसमी पाऊस आणि शेवटी परतीचा पाऊस. ऑक्टोबर २०२० च्या मध्याला याच परतीच्या पावसाने सांगली, सातारा, सोलापूरकडे हाहाकार केला होता. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. मृगाआधी घर शाकारू, या जुन्या हिशोबाने थांबलेल्या कितीतरी जणांचे काम तसेच राहून गेले.

गळतीचा खरा पेच वेगळाच आहे. पावसात ती दिसते, पण दुरुस्त करता येत नाही. उन्हात दुरुस्त करता येते, पण दिसत नाही. मग आपण उन्हाळ्यात गवंड्याला बोलावतो, छताकडे अंदाजाने बोट दाखवतो, तो गच्चीवर सिमेंटचा एक हात फिरवून जातो आणि पुढच्या पावसात पलंगाशेजारी पुन्हा तेच पातेले ठेवावे लागते. कष्टाची कमाई जाते आणि पाणी येतेच. म्हणून शोध पावसातच घेऊन ठेवायचा आणि दुरुस्ती उन्हात करायची.

आधी जीव, मग भिंत

ओली भिंत आणि विजेचे बटण एकत्र आले की धोका जीवाचा असतो. बोर्डाजवळ ओल दिसली, बटणाला हात लावताच झिणझिण्या आल्या, पंख्याच्या मुळातून पाणी टपकू लागले, तर कोरड्या हाताने आणि कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. मेन स्विचच ओला झाला असेल तर त्याला हात न लावता वीज मंडळाला कळवावे. वायरमनने तपासल्याशिवाय वीज पुन्हा चालू करू नये.

छताचा गिलावा फुगला असेल तर त्याखाली मुलांना झोपवू नये. आपल्या जुन्या वस्तीत अजून मातीच्या भिंतींची घरे आहेत. अशी भिंत पाणी पिऊन बाहेर झुकली किंवा तिच्यातून माती सुटू लागली, तर सामान आवरत बसू नये. माणसांना आधी बाहेर काढावे.

ओलीची वही

गळतीची सर्वांत जास्त माहिती घरात दिवसभर असणाऱ्या बाईला असते. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने पाणी येते, वारा कोणत्या बाजूचा असतो, हे अम्मीला किंवा दादीला तोंडपाठ असते. पण गवंडी आला की त्यांना कोणी विचारत नाही. ही माहिती कागदावर आणायला हवी. ओलीच्या डागाची कड पेन्सिलीने आखून त्यावर तारीख लिहावी. पुढच्या पावसात डाग वाढला की नवी कड आखावी. शाळकरी मुले हे काम आनंदाने करतात आणि त्यातून निरीक्षणही शिकतात.

मग नोंदी पाहून तीन प्रश्न विचारावेत. पाऊस सुरू होताच पाणी येते का? तसे असेल तर कौल, पत्रा, खिडकी किंवा भिंतीची चीर तपासावी. पाऊस थांबल्यावर काही तासांनी टपकते का? मग स्लॅबवर पाणी साचून मुरत असणार. पाऊस नसतानाही ओल कायम आहे का? मग पावसाला दोष देऊ नये. नळाची पाइप, टाकी किंवा न्हाणी गळत असणार. पाण्याला मीटर असेल तर नळ आलेला असताना घरातील सर्व तोट्या आणि टाकीत जाणारे पाणी बंद करून अर्धा तास आकडा पाहावा. तो सरकला तर मीटरपुढे कुठेतरी पाइप फुटली आहे. टाकीची परीक्षाही सोपी. रात्री तिचा कॉक बंद करून पाण्याची पातळी खुणेने नोंदवावी आणि सकाळी पाहावी.

डाग एकीकडे, वाट दुसरीकडे

पाणी जिथे टपकते तिथूनच आत शिरलेले असते असे नाही. कौलाखाली ते वाशावरून आणि रिपेवरून घरंगळत जाते, स्लॅबमध्ये विजेच्या नळीतून प्रवास करते. म्हणून डागाच्या वर नव्हे, डागाच्या चढाच्या बाजूला शोधत जावे.

कौलांमध्ये सरकलेले किंवा तडकलेले एखादेच कौल सगळा घोळ करते. पन्हळीत पालापाचोळा अडकला तर पाणी उलटे आत येते. जुनी कौले बदलताना त्याच मापाची घ्यावीत. वेगळ्या कारखान्याचे कौल खाचेत नीट बसत नाही आणि नवी फट तयार होते.

पत्र्याच्या घरात बहुतेक वेळा दोष हुकांच्या वायसरांत असतो. रबर उन्हाने कडक होऊन फुटते. ते बदलावे, पण नट इतका आवळू नये की पत्रा दबून खड्डा पडेल. मोसमी पावसात न गळणारे घर वळवात गळते, कारण वळवाचा वारा बहुधा दुसऱ्या दिशेने येतो आणि दोन पत्र्यांच्या जोडात पाणी घुसवतो. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड-विटा ठेवण्याची सवय मात्र सोडावी. वादळात तेच दगड कोणाच्या तरी डोक्यात पडतात. पत्रे हुकांनीच पक्के करावेत.

स्लॅबवर पहिली संशयित जागा म्हणजे गच्ची आणि कठडा मिळतात तो कोपरा. तिथे काटकोनाऐवजी सिमेंटची गोलाई हवी. दुसरी जागा पाणी जाण्याचे तोंड. एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली तरी गच्चीचे तळे होते. तिसरी जागा आपल्याकडे घरोघरी दिसते. पुढेमागे मुलासाठी वरचा मजला काढू, म्हणून खांबांच्या सळ्या वर तशाच सोडलेल्या असतात. त्या गंजतात, त्यांच्या कडेने पाणी खांबात उतरते आणि पुढे त्याच सळ्यांवर वरचा मजला उभा राहायचा असतो. सळ्यांना सिमेंटचा घट्ट घोळ लावून त्यावर कच्च्या काँक्रीटचे टोपण घालावे.

नक्की जागा कळत नसेल तर कोरड्या दिवशी पाइपने एकेका जागी पाणी मारावे. सुरुवात खालून करावी, प्रत्येक जागेला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत, मगच वर सरकावे. सगळीकडे एकदम पाणी ओतले तर काहीच समजत नाही. गच्चीवर पाणी तुंबवून पाहण्याची पद्धतही आहे, पण १०० चौरस फुटांवर २ इंच पाणी म्हणजे सुमारे पावणेपाचशे किलो वजन. जुन्या, सळ्या दिसू लागलेल्या स्लॅबवर हा प्रयोग अजिबात करू नये.

खालून चढणारी ओल

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर कृष्णाकाठ विसरलेला नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. मिरजेत कृष्णाघाटाकडच्या वस्तीने तो मार सोसला. पुरात उभी राहिलेली भिंत वरून वाळली तरी आतून कित्येक आठवडे ओली असते. ईद किंवा लग्न जवळ आले म्हणून घाईने रंग दिला तर तो पापुद्र्यांनी सुटतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खराब गिलावा काढून टाकावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी. पांढरा खार फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडावा. धुतला तर पुन्हा भिंतीतच मुरतो.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतींना चिरा जातात आणि पुढच्या पावसात त्याच चिरांतून पाणी येते. म्हणून जोत्याजवळ पाणी साचू देऊ नये. छताचे पाणी थेट पायात न सोडता नळीने दूर न्यावे.

शेजाऱ्याची भिंत

सामायिक भिंत आणि वरच्या मजल्याची न्हाणी यांवरून सख्ख्या भावांत अबोला आलेला आपण पाहतो. वरचा म्हणतो आमचे पाणी नाही, खालचा म्हणतो तुमचेच आहे. यावर भांडणापेक्षा कपड्यांची नीळ जास्त उपयोगी पडते. दोन्ही घरांच्या माणसांसमोर न्हाणीचे तोंड बंद करून इंचभर निळे पाणी २४ तास ठेवावे. खाली निळा डाग उतरला तर वाद संपतो. नाही उतरला तर वरच्यावरचा आळही संपतो. सोसायटी असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पाहावेत. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपमधून येणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. सदनिकेच्या आतला दोष ज्याचा त्याने दूर करायचा असतो.

हदीसच्या ग्रंथांत एक रिवायत येते. हजरत अब्बास (रजि.) यांच्या घराच्या पन्हळीचे पाणी वाटेवर पडत होते, म्हणून खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी ती काढायला लावली. ती पन्हळ खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी तिथे बसवली होती, हे कळताच उमर (रजि.) यांनी आपल्याच पाठीवर अब्बास (रजि.) यांना चढायला लावून ती पूर्ववत बसवून घेतली. खलिफा एका पन्हळीसाठी आपला निर्णय फिरवतात. आपण निदान शेजाऱ्याला आपली न्हाणी तपासू द्यावी.

आता काय करावे

पावसाळा चालू असताना पक्क्या दुरुस्तीच्या मागे लागू नये. ओल्या पृष्ठभागावर लावलेला लेप टिकत नाही. तेव्हा ताडपत्री आणि वही एवढेच. पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन पडले, स्लॅब चांगला वाळला की काम काढावे. चीर नुसती झाकू नये. ती टोकदार छिन्नीने थोडी रुंद करावी, धूळ साफ करावी, मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरावी. जुना कोबाच पोकळ वाजत असेल तर वरून लेप न देता तेवढा भाग काढून नवा करावा. गवंड्याला वही दाखवून काम सांगावे आणि शेवटचे पैसे पाणी मारून पाहिल्यावर द्यावेत.

तोवर खरेदीखत, रेशन कार्ड, मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत उंचावर ठेवावेत. कोनाड्यातील कुराण शरीफ आणि किताबी ओल्या भिंतीपासून दूर, हवेशीर कपाटात ठेवाव्यात. आणि पुढच्या सरीला पेन्सिल हाताशी असू द्यावी.