ॲस्पिरीनचे नित्य सेवन

ॲस्पिरीन (ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल) हे वेदनाहारक व ज्वरशामक औषध १८९९ पासून प्रचारात आहे. डोकेदुखीसाठी एखादी गोळी घेणे आणि तीच वर्षानुवर्षे रोज घेणे या वैद्यकीय दृष्ट्या भिन्न गोष्टी होत. नित्य सेवनाचा मुख्य हेतू हृदयाच्या किंवा मेंदूच्या रोहिणीत रक्ताची गुठळी होऊ न देणे हा असतो.

हा उपयोग रक्तस्रावावरूनच सुचला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन हे डॉक्टर टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना वेदनाशमनार्थ ॲस्पिरीनयुक्त च्युइंगगम देत. ते अतिरिक्त चघळणाऱ्यांना फार रक्तस्राव होई. ज्याने रक्त गोठण्यात अडथळा येतो, त्याने हृदयातील गुठळीही टळावी, असा तर्क करून त्यांनी १९५० नंतर आपले अनुभव प्रसिद्ध केले. तुलनेसाठी नियंत्रक गट नसल्याने ते दुर्लक्षित राहिले. तर्क मात्र योग्य होता.

रक्तातील बिंबाणूंमध्ये सायक्लोऑक्सिजनेज या एंझाइमाच्या साहाय्याने थ्राँबॉक्सेन तयार होते व त्यामुळे बिंबाणू एकमेकांस चिकटतात. ॲस्पिरीन हे एंझाइम कायमचे निष्क्रिय करते. बिंबाणूंना केंद्रक नसल्याने ते नवे एंझाइम बनवू शकत नाहीत. परिणाम त्यांच्या ८ ते १० दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. म्हणून दररोज ७५ ते १०० मिग्रॅ. एवढी अल्प मात्रा पुरते. परंतु जठराच्या अस्तराचे अम्लापासून रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनेही याच एंझाइमामुळे निर्माण होतात. रक्षण उणावते आणि गुठळीही लवकर बनत नाही, त्यामुळे व्रणातून रक्तस्राव होतो. औषध रक्तात शोषले गेल्यावरही ही क्रिया घडत असल्याने गोळीवरील आवरणाने धोका पूर्णपणे टळत नाही.

हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांवरील चाचणीत (१९८८) ॲस्पिरीनमुळे पाच आठवड्यांतील रक्तवाहिनीजन्य मृत्यूंचे प्रमाण सु. २३ टक्क्यांनी घटले. असा झटका किंवा गुठळीजन्य पक्षाघात एकदा येऊन गेलेल्यांना नित्य सेवनाचा लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक असतो. निरोगी माणसाची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ वृद्धांच्या चाचणीत (२०१८) हृदयरोग लक्षणीय घटला नाही; मोठा रक्तस्राव मात्र ३·८ टक्के लोकांना झाला, औषधाविना तो २·८ टक्के होता. मधुमेही व्यक्तींत त्याच वर्षी थोडा लाभ आढळला, पण रक्तस्रावाने तो बहुतांशी फिटला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये साठीनंतर केवळ प्रतिबंधासाठी ॲस्पिरीन नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. शेजाऱ्याची गोळी पाहून आपणही ती सुरू करणे हे त्यामुळे निरुपद्रवी मानता येत नाही.

याउलट, हृद्‌रोहिणीत स्टेंट बसविलेल्याने पोट जळजळते म्हणून गोळी परस्पर थांबविल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. डेंग्यूत बिंबाणू आधीच घटलेले असतात. म्हणून ताप उतरविण्यासाठी ॲस्पिरीन वर्ज्य असून पॅरासिटामॉल देतात, आणि नित्य सेवन करणाऱ्या रुग्णाने ती गोष्ट डॉक्टरांस प्रथमच सांगावी. फ्ल्यू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांस ॲस्पिरीन देत नाहीत, कारण त्यांच्यात यकृत व मेंदूस इजा करणारा राय लक्षणसमूह उद्भवू शकतो.