मोटारसायकलीचे पुनरुज्जीवन व फेरबदल

वापराबाहेर गेलेली जुनी मोटारसायकल, ती कारखान्यातून बाहेर पडली त्या स्थितीच्या शक्य तितकी जवळ आणून चालती करणे यास पुनरुज्जीवन म्हणतात. तिचा सांगाडा, एंजिन, टाकी, आसन, हँडल इ. घटक मालकाच्या आवडीनुसार बदलणे यास फेरबदल म्हणतात. दोन्ही कामांची अवजारे व बहुधा कारागीरही तेच असतात. उद्दिष्टे मात्र परस्परविरुद्ध आहेत. कापलेला सांगाडा किंवा खरवडून काढलेला कारखान्याचा रंग पुन्हा मिळत नाही. म्हणून गाडी कोणत्या वाटेने न्यावयाची, हे ती सुटी करण्यापूर्वीच ठरवावे लागते.

फेरबदलांच्या काही शैली रूढ आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी चिखलरोधक कापून टाकण्याची प्रथा पडली व पुढे तीतून लांब पुढील काट्याची ‘चॉपर’ निघाली. इंग्लंडमध्ये १९६० च्या सुमारास ‘कॅफे रेसर’ लोकप्रिय झाली. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायंफचे एंजिन बसविलेली ‘ट्रायटन’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. चॉपरमध्ये काटा अधिक कलता केल्याने सुकाणूचा अक्ष जमिनीस टायरच्या स्पर्शबिंदूच्या बराच पुढे छेदतो. त्यामुळे गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते. परंतु सावकाश चालविताना वळविण्यास जड होते. केवळ रूपासाठी केलेला बदल चालीवर असा परिणाम करतो.

भारतात या कामाचे उत्तम उदाहरण म्हणजे जावा. मूळ चेकोस्लोव्हाकियातील ही गाडी मुंबईच्या इराणी कुटुंबाने उभारलेल्या आयडियल जावा या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून म्हैसूर येथे बनविली. १९७३ पासून ती येझ्दी या नावाने विकली जाऊ लागली व १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये नव्या गाड्यांना पुन्हा देण्यात आले. परंतु त्यांचे एंजिन सर्वस्वी निराळे असल्याने जुन्या गाडीस त्यांचे सुटे भाग उपयोगी पडत नाहीत.

जुन्या जावाचे एंजिन दोन धावांचे, एका सिलिंडराचे व सु. २५० घ. सेंमी. क्षमतेचे असते. सिलिंडराचा व्यास ६५ मिमी. व धावेची लांबी ७५ मिमी. असून एकाच सिलिंडरातून दोन निष्कास नळ्या निघतात. गिअर बदलण्याची व किक मारण्याची दांडी एकच असते, हे तिचे वैशिष्ट्य नवख्यास गोंधळात टाकते. दोन धावांच्या एंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम दट्ट्याखालील क्रँकच्या पेटीत दाबले जाते व तेथून सिलिंडरात जाते. म्हणून ही पेटी हवाबंद असणे ही एंजिनाच्या आरोग्याची पहिली अट होय. क्रँकच्या एका टोकाचे ऑइल सील कडक होऊन फाटले, तर गिअरपेटीतील तेल आत ओढले जाऊन गाडी दाट पांढरा धूर सोडते. दुसऱ्या टोकाचे फाटल्यास बाहेरची हवा शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, दट्ट्या अतितप्त होतो व शेवटी सिलिंडरात जखडतो. काही रुपयांच्या रबरी कड्यांपायी सिलिंडर बाद होतो. तरीही रंग व क्रोमियम यांवर सढळ हाताने खर्च करून एंजिन न उघडताच गाडी रस्त्यावर आणणारे पुष्कळ आढळतात.

क्रँक दाबयंत्राने जोडलेली असल्याने तिचे बेअरिंग बदलल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत आणण्यास मुरलेला कारागीर लागतो. झिजलेला सिलिंडर बोअर करून पुढील मापाचा दट्ट्या घालतात. मात्र प्रत्येक वेळी धातू कमी होतो. म्हणून गरजेपेक्षा अधिक कापू नये. निष्कास नळीतील पडदे काढून आवाज वाढविणे हा सर्वांत लोकप्रिय व सर्वांत निरर्थक फेरबदल होय : या एंजिनात नळीचा आकार व तीतील दाबाच्या लाटा सिलिंडर भरण्यास साहाय्य करतात. त्या बिघडल्या की आवाज वाढतो व बहुधा ओढ घटते.

टाकीतील गंज सौम्य अम्लाने काढता येतो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलचे बाष्प उरते. ते पूर्णपणे घालविल्याखेरीज तिला वितळजोड दिल्यास स्फोट होतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. ते पाणी शोषते व जुन्या रबरी भागांस अपाय करते. म्हणून इंधनमार्गातील रबर नव्या प्रकारचे घालणे इष्ट असते. असे स्क्रूने बसणारे व पुन्हा काढता येणारे बदल, उदा., ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची विद्युत् योजना किंवा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, मूळ भाग जपून ठेवल्यास आक्षेपार्ह मानू नयेत.

सांगाडा व एंजिन यांवर ठोकलेले क्रमांक हीच गाडीची ओळख होय. रंगापूर्वी ते घासले गेले किंवा जाड लेपाखाली बुजले, तर नोंदणीचे नूतनीकरण अडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणी सुरू झाली व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी नित्य वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. या नोंदणीसाठी वाहन मूळ रूपात राखलेले असावे लागते. त्यामुळे सांगाडा कापून चॉपर केलेली जावा वयाने पात्र असली, तरी तीत बसत नाही.