पडद्यावरची मागणी

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी फिरणाऱ्या तरुण मंडळींच्या बोलण्यात 'प्रपोज कुठं आणि कसं करायचं' हा विषय हल्ली ज्या गांभीर्याने निघतो, ते गांभीर्य पूर्वी मुहूर्त, मानपान आणि देण्याघेण्याच्या वाटाघाटी यांच्याच वाट्याला येत असे. रंकाळ्याचा काठ आणि पन्हाळ्याची तटबंदी या जुन्या स्थळांचा मान अद्याप कायम असला, तरी अंधाऱ्या प्रेक्षागृहात मोठ्या पडद्यावर अकस्मात आपल्या दोघांची छायाचित्रे झळकावीत, आणि दिवे लागताच हाती अंगठी घेऊन लग्नाची मागणी घालावी, या कल्पनेने अनेकांना मोहिनी घातली आहे. ही कल्पना थिल्लर आहे असे मला मुळीच वाटत नाही. उलट, नीट विचार करून अंमलात आणली, तर दोन माणसांच्या आयुष्यातील एका मंगल घटनेला शोभा देण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे, असे माझे मत आहे.

कोल्हापूरच्या माणसाला चित्रपटगृह हे अशा प्रसंगाचे स्थान वाटावे, यात नवल नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली ती याच शहरातून; १ जून १९२९ रोजी 'प्रभात'ची स्थापना झाली ती येथेच; आणि १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर प्रभृतींनी 'हंस पिक्चर्स' काढून 'छाया' हा बोलपट निर्माण केला, तेव्हा त्याची कथा लिहिणारे वि. स. खांडेकर पुढे शिरोड्याहून कोल्हापुरास येऊन राजारामपुरीचेच रहिवासी झाले. व्हीनस, उमा, पार्वती, पद्मा ही टॉकीजची नावे तर आम्हां लोकांच्या पत्त्यांत इतकी मुरली आहेत की रिक्षावाल्याला 'व्हीनस कॉर्नर' म्हटले म्हणजे अधिक खुलासा करावा लागत नाही. खासगी निरोपासाठी सार्वजनिक पडदा वापरण्याची चालही तशी जुनीच आहे. एकपडदा टॉकीजच्या जमान्यात इंटरव्हलमध्ये काचेच्या स्लाइडा दाखवीत. त्यांत स्थानिक सराफाची वा कापडदुकानाची जाहिरात असे आणि प्रसंगी, काळी शाई फासलेल्या काचेवर टोकदार सळईने कोरलेली, अमुक गृहस्थांना घरून तातडीचे बोलावणे आले आहे अशी इत्तलाही असे. ती थरथरती पांढरी अक्षरे उमटताच सारे प्रेक्षागृह त्या गृहस्थाच्या काळजीत क्षणभर सामील होई.

अलीकडच्या काळात २०२२ साली कोल्हापूर-सांगली मार्गावर एका तरुणाने चक्क मोठा फलक उभारून आपल्या प्रेयसीला लग्नाची मागणी घातली, आणि त्या फलकाची छायाचित्रे राज्यभर फिरली. चित्रपटगृहातील मागणीचे जे उदाहरण जगभर गाजले, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन गावचे. तेथील एका चित्रपटकाराने एका चित्रकर्तीच्या मदतीने सुमारे सहा महिने खपून, डिस्नेच्या १९५९ सालच्या 'स्लीपिंग ब्यूटी'तील शेवटाकडच्या प्रसंगात राजपुत्र-राजकन्येच्या जागी स्वतःची व आपल्या प्रेयसीची चित्रे रेखाटून घेतली. पडद्यावरील राजपुत्राने अंगठीची डबी बाहेर फेकल्याचा आभास झाला आणि त्याच क्षणी खुर्चीत बसलेल्या तरुणाच्या हाती खरी डबी आली. २०२०च्या प्रारंभी ही चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली. पाहणाऱ्यांच्या मनावर ठसली ती त्यातील कारागिरी. परंतु त्या दोघांची ओळख शाळेच्या वयापासूनची होती, आणि प्रेक्षागृहात मागे बसलेली मंडळी त्यांचे आप्त व स्नेही होते, ही गोष्ट मला कारागिरीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

कारण या साऱ्या बेताचा नाजूक भाग येथेच आहे. भर सभेत घातलेल्या मागणीला नकार देणे ज्या माणसाला अशक्यप्राय होते, त्याच्या होकाराला होकार म्हणावे काय? खांडेकरांच्या 'ययाती'ला ज्या महाभारतकथेचा आधार आहे, तीत देवयानीला विहिरीतून बाहेर काढताना राजाने तिचा हात धरला, एवढ्या आधारावर ती पुढे त्याच्याकडे पाणिग्रहणाचा हक्क सांगते. राजा प्रथम कचरतो, पण सख्यादासींच्या देखत आणि शुक्राचार्यांच्या वचनाच्या दडपणाखाली तो संबंध जुळून येतो, आणि त्या संसाराची पुढे काय वाताहत झाली हे मराठी वाचकाला सांगावयास नको. कोल्हापुरात जन्मलेल्या 'प्रभात'ने पुण्यास गेल्यावर, १९३७ साली, 'कुंकू' काढला; त्यात शांता आपटे यांनी रंगविलेली नीरा, आपल्या इच्छेविरुद्ध लादलेल्या वृद्ध पतीला पती मानण्यास जे ठाम नकार देते, तो नकार ऐकण्यासाठी त्या काळी लोक टॉकीजमध्ये गर्दी करीत. ज्या पडद्याने मुलीच्या 'नाही'ला इतकी प्रतिष्ठा दिली, त्याच पडद्याच्या साक्षीने एखाद्या मुलीच्या तोंडून 'हो' वदवून घ्यावे, हे मला अत्यंत अनुचित वाटते. तेव्हा मूळ प्रश्न दोघांनी एकांतात, निवांतपणी, घराण्याच्या, नोकरीच्या, राहण्याच्या सर्व व्यावहारिक अंगांसह आधीच बोलून घ्यावा; टॉकीजमध्ये होणारा समारंभ हा त्या ठरलेल्या गोष्टीचा उत्सव असावा, आणि अनपेक्षित असावी ती त्याची वेळ व रीत. गर्दीत सर्वांचे लक्ष आपल्याकडे वळल्याने जे माणूस अवघडून जाते, त्याच्यासाठी तर हा बेत आखूच नये.

एवढे झाल्यावर तजवीज फारशी कठीण नाही. पण ती वेळेवर करावी लागते. चालू सिनेमात आपली चित्रफीत मध्येच घुसवता येईल ही समजूत सोडून द्यावी. आज सिनेमा कुलूपबंद संगणकीय संचाच्या रूपाने येतो, ठराविक मुदतीच्या किल्लीशिवाय तो उघडत नाही, आणि त्यात फेरफार करणे ऑपरेटरच्या हातचे राहिलेले नाही. आपल्याला मिळते ती सिनेमापूर्वीच्या जाहिरातींची किंवा इंटरव्हलची वेळ. त्यातही सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रफितीला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये प्रमाणपत्र लागत असल्याने, परक्या प्रेक्षकांसमोर खासगी फीत लावण्यास मॅनेजर बहुधा राजी होत नाहीत. म्हणून उत्तम मार्ग असा की सर्वांत लहान पडदा, कामकाजाच्या दिवशीचा सकाळचा अथवा मॅटिनीचा शो, संपूर्ण आपल्या नावे घ्यावा आणि त्यासाठी मॅनेजरकडे रीतसर लेखी अर्ज द्यावा. मोबाइलवर तयार केलेली फीत टॉकीजच्या यंत्रणेला जशीच्या तशी चालत नाही, ती त्यांच्या नमुन्यात बदलून घ्यावी लागते. शिवाय मोबाइलवर गोड वाटणारा आवाज मोठ्या ध्वनिक्षेपकांतून कर्कश होतो, सबब आदल्या दिवशी प्रोजेक्शन रूममध्ये स्वतः उभे राहून ती एकदा चालवून पाहावी. फीत तीन मिनिटांहून लांब नसावी. महाराष्ट्रात सिनेमाच्या प्रारंभी राष्ट्रगीत होते. त्याला लागूनच आपला प्रसंग ठेवल्यास दोहोंचेही औचित्य बिघडते, याकरिता इंटरव्हल संपून दिवे मालवण्यापूर्वीचा क्षण मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्या वेळी प्रेक्षक जागेवर परतलेले असतात आणि एकमेकांचे चेहरे दिसण्याइतका उजेडही असतो.

मेणबत्त्या, फटाके, ठिणग्या उडवणारी नळकांडी यांपैकी काहीही आत नेऊ नये. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्या शहराने पाहिले, त्या शहरातील माणसाला याचे अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. मोगऱ्याचा गजरा पुरेसा आहे. अंगठी गुजरीतल्या सराफाकडून करून घ्यावी, आणि प्रेयसीच्या बोटाचे माप बहिणीकडून वा मैत्रिणीकडून गुपचूप मिळवावे.

सिनेमा कोणता असावा, यावर हौशी मंडळी फार थोडा विचार करतात. प्रेमकथा आहे एवढे पाहून तिकिटे काढली जातात. पण 'सैराट'ही प्रेमकथाच होती, आणि २०१६ साली ती पाहून बाहेर पडणारे प्रेक्षक जिना उतरताना एकमेकांशी बोलू शकत नव्हते. इंटरव्हलमध्ये होकार मिळवून उत्तरार्धात असा शेवट पाहावा लागणे, हा त्या दोघांवर अन्याय होईल. तेव्हा सिनेमा आधी स्वतः पाहून ठेवावा.

'सैराट'चे नाव घेतले ते आणखी एका कारणाने. राजारामपुरीच्या गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात, आणि आठव्या गल्लीत घडलेली गोष्ट बाराव्या गल्लीत पोहोचावयास फार वेळ लागत नाही. आता तर प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. जेथे दोघांची जात वा धर्म भिन्न आहे आणि घरच्यांची संमती अद्याप मिळावयाची आहे, तेथे अशी एखादी चित्रफीत सर्वत्र पसरणे केवळ लाजिरवाणे नव्हे, तर प्रसंगी जिवावर बेतणारे ठरू शकते. अशा जोडप्याने टॉकीजचा मोह टाळावा, असे मी कळकळीने सांगेन. इतरांनीही चित्रण कोणी करावयाचे आणि ते कोणाला दाखवावयाचे, हे दोघांच्या अनुमतीने आधीच ठरवून, बाकीच्यांना मोबाइल खिशात ठेवण्याची विनंती करावी.

होकाराची वार्ता त्याच संध्याकाळी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना समक्ष जाऊन सांगावी. ती त्यांना शेजाऱ्याच्या मोबाइलवरून कळली, तर मन दुखावते आणि पुढील बोलणी उगाच अवघड होतात. नंतर आपल्याकडील रिवाजाप्रमाणे सुपारी फुटेल, याद्या होतील, आणि वडीलधाऱ्यांनी मनावर घेतलेच तर 'यादी पे शादी' होऊन त्याच दिवशी अक्षताही पडतील. ज्यांना नोंदणी पद्धतीने विवाह करावयाचा आहे, त्यांच्यासाठी वाट मोकळी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती, आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्याने ती सोय साऱ्या देशाला करून दिली. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवसांचे वास्तव्य असावे लागते, विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीस दिवसांच्या मुदतीत वाजवी हरकत न आल्यास तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी विवाह लागतो. टॉकीजमध्ये मागे बसून टाळ्या वाजवणाऱ्या स्नेह्यांपैकी तिघांना त्या दिवसासाठी आताच सांगून ठेवावे.